दुसरं औंध

पुण्यात 'औंध' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? ब्रेमेन चौक, परिहार चौक, आणि सकाळी हिंजवडीकडे निघालेल्या गाड्यांची रांग. आमच्या हापिसात तर निम्म्या लोकांना दुसरं औंध आहे हेच माहीत नाही. मलाही इंजिनिअरिंग संपेपर्यंत एवढंच ठाऊक होतं की साताऱ्याकडे एक औंध आहे, डोंगरावर यमाईचं देऊळ आहे आणि तिथल्या राजाने जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय आहे. बस्स.

पण मंडळी, या दुसऱ्या औंधाची खरी गोष्ट ना देवळात आहे ना चित्रांत. ती आहे ग्रामपंचायतीत! देश स्वतंत्र व्हायच्या आधी, १९३९ साली, इथल्या राजाने आपली सत्ता गावपंचायतींकडे सोपवली होती. आणि त्या सगळ्या प्रकरणात एका इंजिनिअरचा हात होता. (म्हणूनच तर मी एवढा उत्साहाने लिहितोय!)

आधी थोडा भूगोल. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलं की खटाव तालुक्यात औंध लागतं. पट्टा दुष्काळी. पाऊस आला तर आला. गाव तसं छोटंच, पण एका संस्थानाची राजधानी. हे संस्थान पंतप्रतिनिधींचं. सगळं मिळून ७२ गावं, क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि १९३१ च्या जनगणनेत लोकसंख्या ७६ हजारांच्या घरात. म्हणजे आज पुणे महापालिकेचा चार नगरसेवकांचा एक प्रभाग धरा, साधारण तेवढी माणसं. बरं, ही गावंही सलग नव्हती. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. मधे सगळा ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थानं. नकाशा बघितला तर कुणीतरी शाई शिंपडल्यासारखा दिसतो.

राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. माणूस भलताच छंदी. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचं तर त्यांना वेडच होतं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आर्थिक मदत केली. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती त्यांनीच देऊ केलेल्या जागेवर. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण या सगळ्यावरून कुणी म्हणालं असतं का, की हा माणूस आपलं राज्यच वाटून टाकेल?

१९३८ साल म्हणजे संस्थानांमधे सगळीकडे धुमसत होतं. ब्रिटिश मुलखात निवडून आलेली मंत्रिमंडळं काम करत होती, आणि संस्थानातल्या प्रजेला वाटत होतं की मग आम्हीच काय पाप केलंय? राजकोटला तर लढा इतका पेटला की मार्च १९३९ मधे खुद्द गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. बहुतेक राजे अशा वेळी लाठ्या चालवत होते. औंधात मात्र उलटंच घडलं.

इथे आपले इंजिनिअरसाहेब येतात. त्यांचं नाव मॉरिस फ्रीडमन. पोलंडचे ज्यू, शिक्षणाने विद्युत अभियंता. पॅरिसहून भारतात आले आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे मॅनेजर झाले. मग गांधीजींच्या नादी लागले, भगवी वस्त्रं घेतली आणि स्वामी भारतानंद झाले. चरख्याऐवजी वापरता येईल अशी स्वस्त आणि सुटसुटीत 'धनुष तकली' त्यांचीच. (आपण फार तर नोकरी सोडून स्टार्टअप काढतो, असो.) राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांची आणि फ्रीडमनची गट्टी जमली. दोघांच्या चर्चेतून कल्पना निघाली की राजाने सगळे अधिकार लोकांनाच देऊन टाकावेत. राजेसाहेब सत्तरीला पोचले होते. त्यांनी हो म्हटलं!

मग हे दोघे घटनेचा सल्ला घ्यायला गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची 'स्वराज्य घटना' लागू झाली.

आता ही घटना होती कशी? आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्ण बॉटम-अप डिझाइन. गावकऱ्यांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतीने आपला अध्यक्ष निवडायचा. तालुक्यातल्या सगळ्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती. तालुका समित्यांनी वर संस्थानच्या विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवायचे. म्हणजे वरच्या सभेत बसलेला माणूस आधी कुठल्यातरी गावाच्या पंचांमधूनच आलेला असणार. शाळा, रस्ते, विहिरी, स्वच्छता ही कामं गावाची. छोटे तंटे गावातच मिटवायचे, वकील आणि तारखा नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, महसुलाचा वाटा गावातच ठेवायचा, तो कशावर खर्चायचा ते पंचायतीने ठरवायचं.

यात एक अट मोठी विचार करण्यासारखी आहे. गांधीजींचा आग्रह होता की मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे. आज ऐकायला कसंतरी वाटतं ना? निरक्षर माणसाला मत नाही म्हणजे गरिबाला मत नाही, असंच आपण म्हणू. पण त्यामागचा हिशेब असा की मत हवं असेल तर लोक शिकतील आणि सरकारला शिकवावं लागेल. बरोबर की चूक? मला अजूनही ठरवता येत नाही. आपल्या राज्यघटनेने ही अट ठेवली नाही आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. सही की अंगठा यावरून माणसाची अक्कल ठरत नाही.

प्रयोग कागदावरच राहिला असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट आटपाडीची. तिथे १९३९ मधेच 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं आणि शेती करायची. कल्पना पुन्हा फ्रीडमनचीच. पुढे ग. दि. माडगूळकरांनी, जे त्याच भागातले, 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. शांतारामबापूंचा हा सिनेमा १९५७ चा, आणि त्याचं मूळ या स्वतंत्रपुरात आहे. संस्थान गेलं तरी सरकारने ती वसाहत पुढे चालू ठेवली.

दुसरी गोष्ट कुंडलची. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं 'प्रतिसरकार' सातारा भागात उभं राहिलं. त्याचं एक मोठं केंद्र म्हणजे कुंडल, आणि कुंडल तर औंध संस्थानातलं. ब्रिटिश पोलिसांना संस्थानच्या हद्दीत घुसणं तितकं सोपं नव्हतं, त्यामुळे भूमिगतांना आसरा मिळत गेला. प्रतिसरकारचीही स्वतःची न्यायदान मंडळं होती, तीही गावातच निवाडा करायची. औंधच्या पंचायतींमुळेच ती निघाली असं म्हणणं फारच धाडसाचं होईल. पण एकाच मुलखात, चार-पाच वर्षांच्या अंतराने, राजाच्या घटनेने आणि राजद्रोह्यांच्या सरकारने दोघांनीही न्याय गावात आणावा, हे मला फार बोलकं वाटतं.

मग संपलं कसं? ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. नऊ वर्षांचा प्रयोग तिथेच थांबला. मोठं स्वातंत्र्य आलं आणि छोटं स्वराज्य त्यात विरघळून गेलं. ७२ गावांची फाटाफूट झाली, औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. आप्पासाहेब त्याच वर्षी नेहरूंच्या सांगण्यावरून भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. राजेसाहेब १९५१ मधे वारले. फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे रमले, त्यांची संभाषणं इंग्रजीत आणली आणि मुंबईतच गेले.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, "वा वा, काय सोन्याचा काळ!" थांबा जरा.

याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरातांचा जन्म झाला. वडील गावकीची कामं करणारे महार. 'तराळ-अंतराळ' वाचलंय का? नसेल तर जरूर वाचा. पंच कोण होणार, कुठल्या विहिरीवर कुणी पाणी भरायचं, हे गावात घटनेआधीच ठरलेलं असतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांवर कडक टीका केली ती यासाठीच. गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता, असं त्यांचं म्हणणं. म्हणून संविधानाने एकक धरला तो माणूस, गाव नाही. पंचायतींचा उल्लेख कलम ४० मधे आला, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. म्हणजे करा जमलं तर!

आणि दुसरी अडचण म्हणजे औंधचं स्वराज्य 'दिलेलं' होतं. चांगला राजा होता म्हणून दिलं. पुढचा राजा वाईट निघाला असता तर? वरती ब्रिटिश तर बसलेच होते. ज्याने दिलं तो काढूनही घेऊ शकतो.

पुढची कहाणी आपल्याला माहीत आहे. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा (१ मे १९६२ पासून लागू), आणि मग १९९३ मधे अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती. तिने पंचायतीला घटनेत पक्की जागा दिली, निवडणुका बंधनकारक केल्या, अनुसूचित जाती-जमातींना आणि बायकांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून बायकांच्या जागा निम्म्या झाल्या. ज्यांना औंधच्या पाच पंचांत जागा मिळणं अवघड होतं, ते आज कायद्याने सरपंचाच्या खुर्चीत बसू शकतात. ही कमाई फार मोठी आहे आणि ती औंधने दिलेली नाही, संविधानाने दिली आहे.

पण एक गोष्ट हातातून निसटली. आज कुठल्याही छोट्या गावात जाऊन बघा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीही निम्मी थकलेली. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, तलाठी महसूल खात्याचा. पाण्याची टाकी कुठल्या योजनेतून, रस्ता कुठल्या 'हेड'खाली, समाजमंदिर कुणाच्या आमदार निधीतून, हे सगळं वरून ठरतं. १४ व्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला हे खरं. पण तो कशावर किती खर्चायचा याच्या अटीही सोबत येतात. गावाला मत मिळालं, आरक्षण मिळालं, खुर्ची मिळाली. तिजोरीची किल्ली मात्र वरच राहिली.

औंधमधे तिजोरी गावाजवळ होती पण गावात सगळे सारखे नव्हते. आज कायद्याने सगळे सारखे आहेत, पण तिजोरी गावात नाही. दोन्ही एकत्र अजून कुठे जमलेलं नाही. ७६ हजार लोकांच्या त्या तुकड्या-तुकड्यांच्या संस्थानाने अर्धं गणित सोडवलं, आपण दुसरं अर्धं सोडवलं. बेरीज करायची राहिली आहे, आणि ती करायला आता राजाची वाट बघण्यात अर्थ नाही.

असो. कधी साताऱ्याकडे गेलात तर औंधला जरूर जा. संग्रहालय बघा, हेन्री मूरचं शिल्प बघा, यमाईच्या पायऱ्या चढा. आणि परत येताना आपापल्या गावी कधी ग्रामसभा असेल तर पाच मिनिटं तिथेही डोकावून या. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि गावचा मतदार असाल तर तिथे बसून "हा पैसा कुठे गेला?" असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मी माझ्या गावच्या एकाही ग्रामसभेला आजवर गेलेलो नाही. हे लिहिताना तेच सगळ्यात जास्त टोचतंय.