तड्याच्या टोकाला भोक

गोदीत वेल्डिंग शिकायला गेलो, तेव्हा उस्तादांनी पहिला महिनाभर होल्डर हातात दिलाच नाही. तडा गेलेली एक प्लेट पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "आधी तड्याच्या टोकाला भोक पाड. नाहीतर तू इकडे भरशील, तो तिकडे पळेल." त्या भोकाची खरी किंमत मला पुढे लिबर्टी जहाजांबद्दल वाचताना कळली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत सुटल्या होत्या. बुडतील त्याहून जास्त बांधायची, हा अमेरिकेचा उपाय. १९४१ ते १९४५ या काळात अशी २,७१० मालवाहू जहाजं झाली, तीच लिबर्टी. इंजिन जुन्या धाटणीचं, वाफेचं. वेग जेमतेम ११ नॉट. करामत होती ती रिबिटं सोडून वेल्डिंग धरण्यात. रिबिटांना टोळी लागते: तापवणारा, झेलणारा, मागून टेका देणारा, ठोकणारा. वेल्डर एकटा पुरतो आणि काही आठवड्यांत तयार होतो. हजारो बायकाही या कामावर आल्या. रिचमंडला हेन्री कायझरच्या यार्डात नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पियरी' ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरलं. पण मोठमोठे भाग आधीच जोडून ठेवले होते. मला त्या विक्रमाचं फारसं कौतुक नाही.

माझी नजर जाते हॅचच्या, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या तोंडाच्या, कोपऱ्याकडे. लिबर्टीच्या डेकवरच्या हॅचचे कोपरे काटकोनी होते. लाटांवर जहाज वाकतं, तेव्हा ताण अशाच कोपऱ्यात गोळा होतो. रिबिटांच्या जहाजात तडा प्लेटच्या कडेला जाऊन थांबायचा. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे अखंड एकच प्लेट. तिथे त्याला अडवणार कोण? थंड समुद्रात काही लिबर्टी चक्क दुभंगली. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' हे वेल्ड केलेलं तेलवाहू जहाज तर पोर्टलंडच्या धक्क्याला, संथ पाण्यात उभ्या उभ्या मोडलं.

खापर अर्थातच वेल्डरांवर फुटलं. काही जोड कच्चे होते, हे मीही मानतो. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं, की ते पोलादच गारठ्यात काचेसारखं ठिसूळ व्हायचं.

मग कोपरे गोलसर केले. डेकच्या कडेला लांबलचक फट कापून तिच्यावर पट्टी बसवली. तीही वेल्ड करून नाही, रिबिटं मारून. उस्तादांचं भोकच ते, फक्त फुटांच्या मापातलं.