वाईत जोडलेली, इटलीच्या नावाची, चीनच्या मालकीची

गेल्या दिवाळीत सांगवीला गेलो होतो. ही बारामती तालुक्यातली सांगवी, फलटणच्या रस्त्यावरची. पुण्यात नाव घेतलं की लोक 'जुनी की नवी?' विचारतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

चुलतभाऊ ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. वय तेवीस, दोन वर्षांची दुधाची आणि उसाच्या बिलातली शिल्लक हातात. स्क्रीनवर जुन्या गाड्यांच्या अॅपवरची जाहिरात: चोचीसारखं पुढचं मडगार्ड, उंच काच, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या. एका चिनी मालकीच्या कंपनीची अॅडव्हेंचर बाईक. कोणती ते मुद्दाम सांगत नाही.

"दादा, तू इंजिनिअर हायेस. सांग, घ्यायची का?"

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. मला येते ती जावा वेगळी. तेवढ्यात तात्या गोठ्यातून आले, त्यांनी फोटो पाहिला आणि छपराला लावलेल्या दिव्यांच्या माळेकडे बोट दाखवलं. धनत्रयोदशीला आणलेली माळ पाडव्यापर्यंत अर्धी विझली होती. "त्याच गावची दिसतीय," एवढंच म्हणाले.

मला दोघांचंही पटेना. यूट्यूबवर अशा गाड्यांचे ढीगभर रिव्ह्यू आहेत, पण बहुतेक सगळे पहिल्या हजार किलोमीटरचे. सातव्या वर्षी काय होतं हे पाहायचं तर व्हिडिओ नाही, इतिहास पाहावा लागतो. आणि तो आपल्याकडे, पुणे-सातारा-नगर पट्ट्यातच घडलेला आहे.

बेनेलीपासून सुरू करू. इटलीतल्या पेसारो गावात तेरेझा बेनेली नावाच्या विधवा बाईने १९११ मध्ये सहा मुलांना उद्योग लागावा म्हणून गॅरेज काढून दिलं, त्याची पुढे मोटारसायकल कंपनी झाली. जपानी गाड्यांच्या लाटेत ती खंगली, मालक बदलत राहिले आणि २००५ मध्ये चीनच्या चियानच्यांग या मोटारसायकल कंपनीने ती विकत घेतली. आराखडे पेसारोत, कारखाना चीनमध्ये. हे इटालियन नाव भारतात आणलं ते पुण्याच्या डीएसके समूहाने, म्हणजे ज्यांना आपण घरं बांधणारे म्हणून ओळखत होतो त्यांनी. जोडणी वाईत.

वाईच का? तिथे आधीच एक इतिहास होता. ह्योसंग ही कोरियन कंपनी. तिच्या गाड्या २००३ च्या सुमारास पहिल्यांदा कायनेटिकने आपल्याकडे विकल्या. मग काही वर्षं शांतता. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने त्याच ह्योसंगच्या मोठ्या गाड्या वाईत जोडायला घेतल्या. वर्षभरात ते काम डीएसकेकडे गेलं, आणि २०१८ मध्ये फिरून कायनेटिकच्याच मोटोरॉयल या नव्या दुकानात आलं, जोडणी नगरला. पंधरा वर्षांत तीन घरं हिंडून ब्रँड पुन्हा पहिल्या घरी. ज्याने २००४ मध्ये गाडी घेतली त्याने कार्ब्युरेटरची रबरं कुणाकडे मागायची? आमच्या क्षेत्रात याला 'एंड ऑफ सपोर्ट' म्हणतात आणि त्याची तारीख आधी जाहीर करतात. मोटारसायकलच्या धंद्यात ती तारीख ग्राहकाला फोन लागेनासा झाला की कळते.

डीएसके-बेनेली मार्च २०१५ मध्ये बाजारात उतरली. चार सिलिंडरची टीएनटी ६००आय पाच लाखांच्या जरा वर मिळत होती. त्या पैशांत चार सिलिंडरचा तो आवाज तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. कर्वे रस्त्यावर ती गाडी गेली की चहाचा कप हातात तसाच राहायचा. मग डीएसके समूह आर्थिक गाळात रुतला. ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये डी. एस. कुलकर्णींना अटक झाली. बेनेलीने त्याच वर्षी हैदराबादच्या महावीर समूहाशी नवा संसार मांडला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये टीआरके ५०२ ही अॅडव्हेंचर बाईक पाच लाखांना आणली. मधल्या महिन्यांत गाड्या रस्त्यावर होत्या, त्यांच्यामागे उभं राहणारं घर मात्र कोसळलं होतं.

तात्यांच्या माळेला इथे उत्तर मिळतं. वाईच्या त्या प्रकरणात चीनचं पोलाद दगा देऊन गेलं नाही. दगा दिला तो पुण्याच्या ताळेबंदाने.

आणि हीच टीआरके ५०२ खुद्द इटलीत २०२० आणि २०२१ साली सर्वाधिक खपाची मोटारसायकल होती. डुकाटी आणि व्हेस्पाच्या देशात! ज्यांना यंत्रातलं कळतं असं आपण समजतो त्यांनी रांगा लावून चीनमध्ये बनलेली गाडी घेतली. कारण सरळ आहे. तिकडे बीएमडब्ल्यू परवडत नाही त्याला टीआरके परवडते, आणि गाडी बिघडली तर पेसारोतलं घर जागेवर आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. एसडब्ल्यूएम हे आणखी एक जुनं इटालियन नाव, मागे पैसा शिनरे या चिनी कंपनीचा. तिची सुपरड्युअल मोटोरॉयलने २०१८ मध्ये साडेसहा लाखांना आणली. आज ती नवी मिळत नाही. सीएफमोटो ही नावानेही चिनी. जुलै २०१९ मध्ये तिची ६५०एमटी ४.९९ लाखांना आली. पुढच्याच एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं, त्याच महिन्यात केंद्राने शेजारी देशांमधून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली, आणि जूनमध्ये गलवान घडलं. सीएफमोटो काही वर्षांत इथून दिसेनाशी झाली. त्याच जूनमध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने महाराष्ट्र सरकारशी करार केला होता, जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचा म्हणून. परवानगी आलीच नाही, २०२२ मध्ये व्यवहार मोडला आणि पुढच्या वर्षी तो कारखाना ह्युंदाईने घेतला. चिनी गाडी घेणारा माणूस नकळत परराष्ट्र धोरणावरही पैसे लावत असतो. हिमालयन घेणाऱ्याला तेवढा एक घोर कमी.

आता तात्यांना न आवडणारी गोष्ट. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, बारामती एमआयडीसीत, पिआज्जोचा कारखाना आहे. मालाची तीनचाकी तिथे आधीपासून बनत होती, २०१२ पासून व्हेस्पा बनते. या व्हेस्पाचीही मोठी कथा आहे. बजाजने १९६० मध्ये परवान्यावर ती इथे बनवायला घेतली, १९७१ मध्ये करार संपला, नाव गेलं, आणि तीच स्कूटर 'चेतक' झाली. इटलीचं नाव गेलं तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण बनवणारा आकुर्डीतच होता आणि सुटे भाग गल्लीत मिळत होते. आज त्याच बारामतीत एप्रिलियाची आरएस ४५७ बनते आणि जहाजाने युरोपला जाते. तिकडचा एखादा तात्या 'भारतातला माल आहे तो' म्हणून नाक मुरडत असेलच की. आपल्या गावातली पोरं ज्या लाईनवर काम करतात, त्या लाईनवरची गाडी कुणाला तरी 'चायना माल' वाटत असणार.

याची खरी परीक्षा आफ्रिकेत झाली. कंपाला आणि लागोससारख्या शहरांत मोटारसायकल ही टॅक्सी आहे. चिनी गाड्या तिथे आधीपासून होत्या आणि स्वस्त होत्या. तरी तिथल्या चालकांनी बजाजची बॉक्सर उचलून धरली, जिचं नाव इथे आपण विसरून गेलो. चालकाचा हिशेब रोजच्या कमाईचा. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत. बॉक्सर महाग होती, पण कमी बिघडायची, आणि बिघडली तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती पाठ होती, भाग बाजारात होते. व्हिएतनाममध्ये २००० च्या आसपास होंडाच्या नकला करणाऱ्या चिनी गाड्यांचा पूर आला. २००२ मध्ये होंडाने वेव्ह अल्फा ही स्वस्त गाडी काढली आणि गिऱ्हाईक परत फिरलं. किमतीतलं अंतर मिटलं तेव्हा चिनी गाडीकडे दुसरं कारण उरलं नव्हतं.

आणि किमतीचं अंतर आपल्याकडे मुळात आहे कुठे? 'स्वस्त चिनी अॅडव्हेंचर बाईक' हा शब्दप्रयोग युरोपातून उचललेला आहे. टीआरके २५१ डिसेंबर २०२१ मध्ये आली ती २.५१ लाखांना. त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, चाकणला बनलेली केटीएम ३९० अॅडव्हेंचर २.९९ लाखांना आली होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयन ४५० आली २.६९ लाखांना. आयात जकात, थोडीच विक्री, मोजकी दुकानं, हे सगळं मिळून तिकडची स्वस्त गाडी इथे महाग होते. आपल्याकडचा स्वस्त पर्याय आपलीच गाडी आहे. ५०२ च्या वर्गात दोन सिलिंडर मिळतात, हायवेवर ती मजेत पळते, हे मान्य. पण तिचं वजन २३५ किलो. पावसाळ्यात पाटाच्या कडेच्या चिखलात ती आडवी झाली तर उचलायला ऊसतोडीची टोळी बोलवावी लागेल.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला. २५१ सारख्या गाड्यांना त्याचा फायदा आहे, ५०२ ला फटका. केटीएम ३९० आणि हिमालयन ४५० ही फटका खाणाऱ्यांतच, तेव्हा या बाबतीत तरी देशीला लाड नाही.

गंमत म्हणजे केटीएमही पूर्ण 'आपली' नव्हती. ऑस्ट्रियातली ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली आणि २०२५ मध्ये बजाजने पैसा ओतून ती सावरली. तिची काही मोठी इंजिनं चीनमध्ये सीएफमोटो बनवते. म्हणजे शुद्ध चिनी, शुद्ध युरोपी, शुद्ध देशी अशा जाती पाडायला बसलात तर रात्र संपेल. तरीही ३९० घेणाऱ्याला झोप लागते, कारण चाकण तासा-दीड तासावर आहे.

माझ्या एका कॉलेजमित्राने चार वर्षांपूर्वी अशीच दुसऱ्या हाताची आयात गाडी घेतली होती. चालवायला झकास. फ्युएल पंप गेला तेव्हा भाग यायला चार महिने लागले. तेवढा काळ तो पीएमपीच्या बसने ऑफिसला यायचा, हप्ता गाडीचा भरायचा आणि पास बसचा काढायचा. गाडीबद्दल अजूनही वाईट बोलत नाही. विकताना मात्र निम्मे पैसेही आले नाहीत.

भावाला मी नाही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, पाच भागांची यादी कर: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, फ्युएल पंप, हेडलाइट, पुढची डिस्क. सर्व्हिस सेंटरला फोन लावून प्रत्येकाची किंमत आणि दिवस विचार. दुकानात आहे की मागवावा लागेल, हेही विचार. मग तेच पाच भाग हिमालयनचे विचार. आणि शेवटी हा ब्रँड भारतात विकणारी कंपनी किती वर्षं जुनी आहे ते बघ.

त्याने दुसऱ्या दिवशी स्पीकरवर फोन लावले. तात्याही ऐकत होते. पहिल्या यादीतले दोन भाग पुण्यात होते. बाकीच्या तिघांना 'बघून सांगतो' असं उत्तर मिळालं आणि फोन परत आला नाही. हिमालयनचे पाचही बारामतीतच निघाले, तीन लगेच, दोन दोन दिवसांत.

परवा मी विचारलं, काय ठरलं? जाहिरात अजून आहे म्हणाला, मालकाने किंमत तीस हजारांनी उतरवली आहे. "मग घेतोस का?"

"नाय दादा," तो म्हणाला, "अजून किती उतरतीय ते बघतोय."