संत्र्याच्या रसापासून जेद्दाहपर्यंत

१४ जुलै १९७९. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन इथे ब्रिटिश ग्रां प्री संपली आणि स्विस चालक क्ले रेगाझोनी पहिला आला. फ्रँक विल्यम्स यांच्या संघाचा हा पहिलाच विजय. काही वर्षांपूर्वी याच विल्यम्स यांचा टेलिफोन बिल थकल्यामुळे कापला गेला होता आणि ते रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून संघाचा कारभार हाकत होते. अशा माणसाने घरच्या शर्यतीत बाजी मारल्यावर शॅम्पेनचे फवारे उडायला हवे होते. मोटार शर्यतीत ती रीतच आहे. पण रेगाझोनीने संत्र्याचा रस घेतला. त्याच्या गाडीवर 'सौदिया' या सौदी अरेबियाच्या विमान कंपनीचे नाव होते आणि संघाचा पैसा सौदीतून आला होता. पैसे देणाऱ्यांच्या धर्माचा मान राखला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

हा किस्सा मला बरीच वर्षे फार आवडत असे. युरोपातल्या श्रीमंतांच्या खेळात अरबांचा पैसा गेला, आणि त्याने मागितले काय, तर शॅम्पेन नको. मागणे साधे होते आणि समोरच्यांनी ते कुरकुर न करता मानले. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, विल्यम्सचा अ‍ॅलन जोन्स जगज्जेता झाला. दमास्कसमध्ये जन्मलेले उद्योजक अक्रम ओज्जेह यांच्या 'टॅग' समूहानेही याच संघाला आधार दिला. पुढे त्यांचा मुलगा मन्सूर मॅकलॅरेनकडे वळला, पोर्शेकडून इंजिन बनवून घेण्याचा खर्च त्याने उचलला आणि त्या इंजिनावर मॅकलॅरेनच्या चालकांनी १९८४ ते १९८६ अशी सलग तीन वर्षे जगज्जेतेपद मिळवले. आपल्या समाजात मोटार शर्यती पाहणारे जे थोडे लोक आहेत, त्यांना हे तपशील तोंडपाठ असतात. मलाही होते. आता तो किस्सा सांगताना मी जरा थांबतो. का, ते समजायला या खेळात पैसा आला कसा ते पाहावे लागेल.

१९६८ पर्यंत ग्रां प्रीच्या गाड्या आपापल्या देशाच्या रंगात धावत. इंग्रजांच्या हिरव्या, इटालियनांच्या तांबड्या, फ्रेंचांच्या निळ्या, जर्मनांच्या रुपेरी. पैसा तेव्हाही लागायचा, पण तो प्रामुख्याने तेल आणि टायर कंपन्या द्यायच्या. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यातल्या काहींनी हात आखडता घेतला आणि बाहेरच्या जाहिरातींना मुभा मिळाली. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी इथे जॉन लव्हची गाडी गनस्टन सिगारेटच्या रंगात उतरली. मे महिन्यात माद्रिदजवळ झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीत लोटसचा ग्रॅहम हिल जिंकला, तेव्हा इंग्लंडचा हिरवा रंग जाऊन त्याच्या गाडीवर 'गोल्ड लीफ' सिगारेटच्या पाकिटाचे तांबडे, पांढरे आणि सोनेरी पट्टे आले होते.

सिगारेटच का? कारण ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९६५ पासून टीव्हीवर सिगारेटची जाहिरात करायला बंदी झाली होती. अमेरिकेत तशीच बंदी जानेवारी १९७१ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिथल्या नॅसकार शर्यतींच्या मालिकेवर 'विन्स्टन' हे सिगारेटचे नाव चढले. टीव्हीवर जाहिरात दाखवता येत नव्हती. पण ज्या गाडीवर जाहिरात रंगवली आहे ती गाडी टीव्हीवर दाखवायला कुणाची आडकाठी नव्हती. पुढचे दार बंद झाले आणि मागचे सताड उघडले. १९७४ पासून मॅकलॅरेनवर मार्लबोरो आली ती १९९६ पर्यंत राहिली. मॅकलॅरेन म्हणजे तांबडी-पांढरी, असे माझ्या पिढीला वाटायचे. तो संघाचा नव्हे तर पाकिटाचा रंग आहे, हे फार उशिरा कळले.

टीव्हीवाल्यांना हे खटकत नव्हते असे नाही. पण त्यांना काय खटकले ते पाहण्यासारखे आहे. १९७६ मध्ये सर्टीज या छोट्या संघाला ड्युरेक्स निरोध बनवणाऱ्या कंपनीने पैसे दिले. मार्चमध्ये ब्रँड्स हॅचच्या शर्यतीत ते नाव गाडीवर दिसताच बीबीसीने आपले कॅमेरे काढून घेतले. सिगारेटच्या गाड्या चालत होत्या, निरोधाची चालेना. माणसाला मारणारी वस्तू सभ्य आणि रोगापासून वाचवणारी असभ्य, असा तो हिशेब होता. गंमत म्हणजे ती गाडी चालवणारा अ‍ॅलन जोन्सच होता, जो पुढे सौदी पैशावर जगज्जेता झाला.

टीव्हीचे मोल ज्याला सगळ्यात आधी उमगले तो बर्नी एक्लस्टन. मूळचा जुन्या मोटारी आणि मोटारसायकली विकणारा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ब्रॅबहॅम संघ विकत घेतला आणि इतर इंग्रज संघमालकांच्या वतीने आयोजकांशी घासाघीस करायला लागला. तोपर्यंत एखादी शर्यत दाखवायची की नाही हे त्या त्या देशातला आयोजक आणि तिथली वाहिनी ठरवत. एखादी दिसे, एखादी दिसत नसे. जी शर्यत दिसेल की नाही याचाच भरवसा नाही तिच्यातल्या गाडीवर कुणी किती पैसे लावणार? संघ आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्यात बरीच हाणामारी होऊन १९८१ मध्ये काँकॉर्ड करार झाला. प्रत्येक संघ प्रत्येक शर्यतीत हजर राहील अशी हमी त्यात होती, आणि प्रक्षेपणाच्या हक्कांची विक्री एक्लस्टनच्या हाती आली. वाचायला हा करार रुक्ष आहे. पण त्यानंतर प्रायोजकाला वर्षभरात किती वेळा, किती देशांत आपले नाव दिसेल हे आधीच सांगता येऊ लागले. त्या दिवसापासून गाडीचे अंग म्हणजे भाड्याने द्यायची भिंत झाली. २००१ मध्ये महासंघाने पुढच्या शंभर वर्षांचे व्यापारी हक्क सुमारे ३१ कोटी डॉलरना एक्लस्टनच्या कंपनीला देऊन टाकले. शंभर वर्षांचे!

आता खर्चाकडे वळू. केन टायरेल हा लाकडाचा व्यापारी होता. सरे परगण्यातल्या त्याच्या वखारीतल्या एका लाकडी शेडमध्ये ग्रां प्रीच्या गाड्या तयार होत, आणि त्या गाड्यांवर जॅकी स्टुअर्ट १९७१ आणि १९७३ मध्ये जगज्जेता झाला. हे शक्य झाले ते कॉसवर्थच्या डीएफव्ही इंजिनामुळे. फोर्डने ते घडवायला एक लाख पौंड दिले होते आणि १९६७ मध्ये ते पहिल्याच शर्यतीत जिंकले. त्यानंतर साडेसात हजार पौंड मोजले की ते मिळायचे, कुणालाही. म्हणून लाकडाचा व्यापारी फेरारीला हरवू शकत होता. १९७७ मध्ये रेनॉने टर्बो इंजिन आणले. सुरुवातीला त्यातून इतका धूर निघे की लोक हसत. पण दहा वर्षांच्या आत टर्बोशिवाय जिंकणे अशक्य झाले, आणि टर्बोसाठी पाठीशी मोटार कारखाना हवा होता. क्रमवारी ठरवणाऱ्या फेऱ्यांसाठी वेगळे इंजिन लावायचे, ते दोन-चार फेऱ्यांत संपायचे, मग रात्री दुसरे बसवायचे.

एवढा खर्च कशासाठी? कॅमेरा पुढच्या गाड्यांवर असतो म्हणून. दहाव्या क्रमांकावरची गाडी पडद्यावर येत नाही, मग तिच्यावरचे नावही येत नाही आणि पुढच्या वर्षी प्रायोजकही येत नाही. पुढे राहायला पैसा हवा आणि पैसा मिळवायला पुढे राहायला हवे. यात जो एकदा मागे पडला तो मागेच गेला. १९८३ मध्ये डेट्रॉइटला मिकेले अल्बोरेटो टायरेलच्या गाडीत जिंकला. तो डीएफव्हीचा शेवटचा विजय आणि टायरेल संघाचाही. त्यानंतरची वर्षे त्या संघाने कशीबशी रेटली आणि अखेर १९९०च्या दशकाच्या शेवटी तो विकत घेतला कुणी, तर ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीने. गाडीवर नाव रंगवून मिळण्यावर सिगारेटचे आता भागत नव्हते, तिला संघच हवा होता. ब्रॅबहॅम १९९२ मध्ये संपला होता, लोटस १९९४ च्या हंगामानंतर.

सिगारेटचा वट किती होता याचा पुरावा त्याच सुमाराचा आहे. ब्रिटनमध्ये मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर निवडून आले, तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालण्याचे वचन देऊन. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सरकारने फॉर्म्युला वनला त्या बंदीतून वगळायचे ठरवले. मग बाहेर आले की एक्लस्टनने जानेवारीत लेबर पक्षाला दहा लाख पौंडांची देणगी दिली होती. पक्षाने रक्कम परत केली. युरोपात बंदी लागू व्हायला मात्र जुलै २००५ उजाडले.

तोवर नवा पैसा दारात उभा होता. ४ एप्रिल २००४ रोजी बहरीनमध्ये मध्य पूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. विजेत्यांनी शॅम्पेनऐवजी गुलाबपाण्याचे पेय उडवले आणि आमच्यातल्या अनेकांना सिल्व्हरस्टोनचा संत्र्याचा रस आठवला. २००९ मध्ये अबू धाबी आले. २००८ च्या मंदीत होंडा गेली, पाठोपाठ बीएमडब्ल्यू आणि टोयोटा गेल्या. ज्या फ्रान्समध्ये ग्रां प्री हा शब्द जन्मला तिथली शर्यत २००८ नंतर दहा वर्षे बंद राहिली. तिकिटांवर जगणारा आयोजक यजमानपदाची रक्कम देऊ शकत नव्हता. सरकारी तिजोरी देऊ शकत होती.

आणि मग बहरीनमध्ये फेब्रुवारी २०११ मध्ये लोक लूलू चौकात जमले. गोळीबार झाला, माणसे मेली, मार्चमध्ये सौदी फौजा आल्या, चौकातला मोत्याचा स्तंभच पाडून टाकला गेला. त्या वर्षीची शर्यत रद्द झाली. राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाने नोव्हेंबरमध्ये कैद्यांचा छळ झाल्याचे नोंदवले. तरीही २०१२ च्या एप्रिलमध्ये शर्यत परत आली, देशाच्या एकीचे घोषवाक्य घेऊन.

इथे आपला संबंध येतो. त्या आठवड्यात फोर्स इंडिया संघाचे काही कर्मचारी सर्किटवरून परतताना निदर्शक आणि पोलीस यांच्या चकमकीत सापडले. त्यांच्या गाडीजवळ पेट्रोल बॉम्ब पडला. अंधाराआधी हॉटेलवर पोचता यावे म्हणून संघाने शुक्रवारचे दुसरे सराव सत्र सोडून दिले. शनिवारी क्रमवारी ठरवणाऱ्या फेऱ्या झाल्या. पॉल डी रेस्टाने फोर्स इंडियाची गाडी पहिल्या दहांत आणली. पण जगभर गेलेल्या चित्रणात फोर्स इंडियाच्या गाड्या जवळजवळ दिसल्याच नाहीत. ते चित्रण एक्लस्टनचीच कंपनी तयार करत होती. वाहिन्यांना तेवढेच मिळते आणि त्या तेवढेच दाखवतात. हे मुद्दाम झाले की योगायोगाने, ते पडद्यावरून सिद्ध करता येत नाही. तसे सिद्ध व्हायची गरजही नव्हती. गाडीवर सहारा आणि किंगफिशर ही नावे होती आणि ती दिसली नाहीत, एवढे प्रत्येक संघाच्या हिशेबनिसाला पुरेसे होते. रविवारी सगळ्या गाड्या धावल्या. डी रेस्टा सहावा आला.

(त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विजय मल्ल्यांच्या किंगफिशर विमान कंपनीची उड्डाणे थांबली. कित्येक महिन्यांचे पगार थकलेले कर्मचारी मुंबईत निदर्शने करत होते आणि त्याच महिन्यात ग्रेटर नोएडात मल्ल्यांच्या संघाच्या गाड्या भारतीय ग्रां प्रीत धावत होत्या. ती शर्यतही २०१३ नंतर झाली नाही.)

बहरीनवर तेव्हा युरोपातल्या वर्तमानपत्रांनी बरेच लिहिले. चार दशके सिगारेटचा पैसा पचवलेल्या खेळाला अरबांच्या पैशाचाच वास कसा येतो, असे आमच्याकडचे काही जण म्हणाले आणि ते खोटे नव्हते. पण याच उत्तरात आम्ही स्वतःची सुटका करून घेतली. बहरीनच्या तुरुंगातली माणसेही मुसलमानच होती. ती शिया आहेत, इराणची आहेत, असे सांगून विषय मिटवणारे मी मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकले आहेत आणि तेव्हा मी गप्प बसलो आहे. गुलाबपाण्याचा अभिमान वाटतो, तर चौकाची लाजही आपल्याच वाट्याला यायला हवी होती.

खर्चाला लगाम घालायचे प्रयत्न झाले. २०१० साठी चार कोटी पौंडांची मर्यादा जाहीर झाली. तिच्या भरवशावर तीन नवे संघ आले, मग मर्यादाच गुंडाळली गेली आणि २०१७ च्या सुरुवातीपर्यंत तिन्ही संपले. फोर्स इंडिया २०१८ मध्ये दिवाळखोरीत जाऊन विकला गेला. २०२० मध्ये विल्यम्स कुटुंबानेही संघ एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला. अखेर २०२१ पासून साडेचौदा कोटी डॉलरची मर्यादा आली, तीही चालकांचे पगार आणि जाहिरातीचा खर्च वगळून.

त्याच वर्षी शर्यत जेद्दाहला पोचली. सौदीची तेल कंपनी अरामको २०२० पासून फॉर्म्युला वनची प्रायोजक आहे. २०२२ ची शर्यत मार्चमध्ये होती. तिच्या दोन आठवडे आधी सौदीत एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला. २५ मार्चला सराव चालू असताना येमेनच्या हूथींनी सर्किटजवळच्या अरामकोच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. गाड्या धावत होत्या आणि मागे काळा धूर चढत होता. तो कॅमेऱ्यात आला, कारण लपवता येण्याजोगा नव्हता. त्या रात्री चालक चार तासांहून अधिक वेळ बंद खोलीत बसून होते. शर्यत करायची की नाही यावर चर्चा चालली होती. पहाटेच्या सुमारास ते बाहेर आले आणि शर्यत होणार हे ठरले.

रविवारी रात्री दिव्यांच्या प्रकाशात मॅक्स व्हर्स्टापेन जिंकला. कठड्यांवर अरामकोचे नाव होते. व्यासपीठावर तिघांनी एकमेकांवर पेयाच्या बाटल्या रिकाम्या केल्या. त्यात मद्य नव्हते.