गीरचा पाव हिस्सा

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत. गोठ्यात मात्र गोचिडांना मज्जाव करावाच लागतो. गोचिडांतून पसरणाऱ्या थायलेरियाच्या तापात देशी जनावर बहुधा तगतं, संकरित कोसळतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात होल्स्टिनपेक्षा साहिवाल वासरांना ताप कमी चढला आणि ती वाचली. साहिवाल गीरसारखीच वशिंडाची गाय. तालुक्यापलीकडच्या राहुरीत, १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ घडवली: निम्मं होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर. संकराचा इतिहास आपण लिटरांत लिहितो. मला हा पाव हिस्सा मोलाचा वाटतो. ती ताकद प्रयोगशाळेतली नव्हे. तापाने दगावलेल्या वासरांचा वंश खुंटला, उरलेल्यांचा पुढे आला. दुधापायी तो हिस्साही होल्स्टिनला दिला, की शेतकऱ्याला बुपार्वाक्वोनच्या महागड्या इंजेक्शनवरच भिस्त ठेवावी लागते.