१६ एप्रिल : नाव बदलले, गाडी चालत राहिली

१६ एप्रिल २०१० : ‘महिंद्रा रेनो’ या संयुक्त कंपनीतील फ्रान्सच्या रेनोचा ४९ टक्के वाटा विकत घेणार असल्याचे महिंद्रा अँड महिंद्राने जाहीर केले. या भागीदारीतली लोगान मोटार नाशिकच्या कारखान्यात तयार होत होती.

भागीदारी संपली, तरी गाडी बंद पडली नाही. रेनोचा परवाना कायम राहिला. २०११ मध्ये लोगानची ‘व्हेरिटो’ झाली आणि २०१६ मध्ये तिचीच विजेवर चालणारी ‘ई-व्हेरिटो’ बाजारात आली.

जालन्याच्या तरुणांसाठी ही तारीख आजही मोलाची आहे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात मोटार कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. अशा वेळी नाशिकचा धडा विसरू नये. परदेशी कंपन्या येतात, भागीदाऱ्या जुळतात, कधी तुटतातही. पण फिटर, वेल्डर, टर्नर यांच्या हातात उतरलेले कसब कुणालाही परत नेता येत नाही. म्हणून कारखान्याच्या जमिनीइतकीच आपल्या आयटीआयमधल्या यंत्रांची आणि शिक्षकांची काळजी घ्यायला हवी. पाटी कुणाचीही असो, काम आपल्या मुलांच्या हाताला मिळाले पाहिजे.