सागरतळ वीजवाहिनी

समुद्राच्या तळावरून किंवा तळाखाली पुरून नेलेली निरोधित वीजवाहिनी. केबलची रचना धारित्रासारखी असते. त्यामुळे लांब अंतरावर प्रत्यावर्ती प्रवाहाची बरीचशी क्षमता केबल भारित करण्यातच खर्ची पडते. म्हणून लांब पल्ल्यासाठी उच्च दाबाचा एकदिश प्रवाह वापरतात व दोन्ही टोकांना परिवर्तक केंद्रे उभारतात.

असा पहिला व्यापारी प्रयोग १९५४ मध्ये स्वीडनची मुख्यभूमी व गॉटलंड बेट यांच्यात झाला. नॉर्वे व ब्रिटन यांना जोडणारी सु. ७२० किमी. लांबीची, १,४०० मेगावॉट क्षमतेची ‘नॉर्थ सी लिंक’ २०२१ मध्ये सुरू झाली. वारा पडून पवनवीज घटली की ब्रिटन नॉर्वेची जलविद्युत घेतो. वारा जोरात असला की उलट वीज पाठवतो, तेव्हा नॉर्वेच्या धरणांत पाणी राखले जाते. या व्यवहाराचे खरे मर्म इथे आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण छोटे, पण बोलके आहे. लेण्यांमुळे जगभर माहीत असलेल्या घारापुरी बेटावर रात्री काही तास डिझेल जनित्राचाच उजेड असे. महावितरणने सु. साडेसात किमी. सागरी केबल टाकली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या वस्त्यांत वीज पोहोचली. मात्र राज्याच्या वीजजाळ्यात कोळशाचा वाटा मोठा असल्याने नॉर्वेच्या जलविद्युतेप्रमाणे या विजेला अल्पकार्बन (कमी कार्बन उत्सर्जनाची) म्हणता येत नाही.

देशादेशांतील जोडणीचे पाहिले, तर भारत भूतानची जलविद्युत आयात करतो, ती जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून. श्रीलंकेशी मात्र सागरी जोडणीचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे.