तीन दिवाळ्यांचा ‘हरिदास’

मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात १९४४ सालच्या दिवाळीला ‘हरिदास’ नावाचा तमिळ बोलपट लागला, तो १९४६ची दिवाळी उजाडली तरी उतरला नव्हता. एकाच पडद्यावर तीन दिवाळ्या! आपल्याला या चित्राचे अगत्य वाटावे असे आणखीही एक कारण आहे. त्याची कथा ‘भक्तविजया’तली, आणि ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली लिहिलेला तो ग्रंथ आपल्याकडे घरोघरी वाचला गेला आहे. आईबापांना छळणारा आणि अखेर त्यांच्याच सेवेत देव विसरणारा मुलगा म्हणजे आपला पुंडलिकच, हे वारकऱ्याला सांगावे लागणार नाही. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी हे मंगळूरकडचे.

हरिदासाची भूमिका एम. के. त्यागराज भागवतर यांची. जन्म १९१०चा, मायावरमला, सोनाराच्या घरी. पोर त्रिचनापल्लीस वाढले, नाटकात रोहिदास होऊन उभे राहिले आणि गळ्याने लोकांना जिंकीत गेले. १९३४च्या ‘पवळक्कोडि’ने ते पडद्यावर आले, १९३७च्या ‘चिंतामणी’ने त्यांना तमिळ मुलखाचे दैवत केले. त्यांच्यासारखे मानेवर रुळणारे केस राखण्याची तरुणांत साथच आली. बालगंधर्वांच्या काळातली आपल्याकडची वेडे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. अभिनय बेताचाच, पण पापनाशम् शिवन् यांची पदे त्या कंठातून निघू लागली की अभिनयाची चौकशी कोण करणार?

आणि मग लक्ष्मीकांतन् प्रकरण उद्भवले. नटनट्यांच्या खाजगी आयुष्यातली घाण चव्हाट्यावर आणणारे पत्र चालविणारा हा गृहस्थ. नोव्हेंबर १९४४मध्ये मद्रासच्या वेपेरी भागात त्याला भोसकण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो मेला. डिसेंबरात भागवतर आणि विख्यात विनोदी नट एन. एस. कृष्णन् यांना कटाच्या आरोपावरून पकडले. मे १९४५मध्ये दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. ‘उदयनन्’मधले भागवतरांचे काम जी. एन. बालसुब्रह्मण्यम् यांच्याकडे गेले. नायक तुरुंगात आणि त्याचाच पश्चात्ताप पाहायला ब्रॉडवेपुढे गर्दी! लोकांनी त्याला दोषी मानले होते की निर्दोष? मला वाटते, त्यांनी तो प्रश्नच स्वतःला विचारला नसावा. त्यांना गाणे हवे होते.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तेथून फेरविचारासाठी परत आले आणि एप्रिल १९४७मध्ये मद्रास हायकोर्टाने दोघांनाही निर्दोष सोडले. कृष्णन् पुन्हा पडद्यावर रुळले, लोकांना हसवू लागले. भागवतरांना मात्र ते साधले नाही. विनोदी नटाची प्रतिमा तुरुंगाने फारशी मळत नाही. संताची मळते, असे मला तरी दिसते.

सुटकेनंतरच्या ‘राजमुक्ति’चे चित्रण त्यांनी मद्रास सोडून पुण्यास, आपल्या ‘प्रभात’मध्ये केले. ‘तुकाराम’ जेथे घडला त्याच आवारात हा दुसरा भक्तीचा गायक नशीब पुन्हा उजळते का ते पाहत होता. संवाद लिहायला तमिळमधला थोर कथाकार पुदुमैप्पित्तन् पुण्यास आला होता. येथे त्याला क्षयाने गाठले आणि १९४८ साली, पन्नाशीही न गाठता, तो गेला. आपल्या शहराच्या वाङ्मयीन इतिहासात या पाहुण्याची एक ओळही कोठे सहसा आढळत नाही, याचे मला वाईट वाटते. ‘राजमुक्ति’ त्याच वर्षी आला आणि पडला.

तोवर काळही पालटला होता. १९५२च्या ‘पराशक्ति’त करुणानिधींचे जळजळीत संवाद ऐकायला माणसे लोटली. देवळातल्या दगडाला प्रश्न विचारणाऱ्या त्या पिढीला हरिदास जुनाट वाटला असला, तर तिला बोल लावता येत नाही. भागवतरांचे ‘अमरकवि’ आणि ‘श्यामला’ त्याच वर्षीचे. त्यांनी जुने दिवस परत आणले नाहीत. १९५७ साली ‘पुदु वाळ्वु’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, तोही गेला.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी मद्रासला त्यांचा अंत झाला. वय एकोणपन्नास. त्यांचा शेवटचा ‘शिवगामी’ पुढल्या वर्षी लागला.